फुटक्या पॅलेटीची डोळखांब स्वारी

श्री कुलदैवत प्रसन्न असो. वज्रचुडेमंडित सौभाग्यवती भाग्यश्रीबाईसाहेब, वस्ती कसबे मुरबाड, ब्युटीपार्लरचा कोर्स अव्वल दर्जाने पार करून आलेल्या, यांनी नवरीच्या दोन पापण्या रंगवावयाकरिता डोळखांबच्या डोंगरात स्वारी केली, तेथे जो बाका प्रसंग गुदरला आणि जी फत्ते जाहली, तिची हकिकत जैसी घडली तैसी लिहिली असे. वाचणारांनी हसू नये. हसू आलेच तर पदर अथवा रुमाल तोंडास लावावा, कारण बाईसाहेबांस त्या दिवशी मुळीच हसू आले नव्हते.

पूर्वपीठिका ऐसी की, बाईसाहेबांनी घराच्या ओटीवर आरसा टांगून, खुर्ची मांडून अंमल बसविला होता, आणि आयब्रोच्या किरकोळ लढाया बहुत मारिल्या होत्या, परंतु नवरीचा किल्ला एकही हाती आला नव्हता. मुलखाचा रिवाजच ऐसा की लग्न ठरले की नवरी उचलावी आणि कल्याणच्या पार्लरात नेऊन बसवावी, आणि तेथून ती परतली म्हणजे सख्ख्या आईने तिजला साडीवरून ओळखावे. ऐशात डोळखांबकडील प्रमिला, बाईसाहेबांची कॉलेजातील जिवलग, हिचे लग्न ठरले. प्रमिला रंगाने सावळी, डोळ्यांनी टपोरी, आणि स्वभावाने हट्टी. चुलतबहिणीच्या लग्नात कल्याणकरांनी तिजलाही खुर्चीत बसवून ऐसे पांढरे केले होते की अल्बमात ती गिरणीतून पीठ घेऊन निघाल्यासारखी दिसते. तो सल मनात धरून तिने घरच्या वडीलधाऱ्यांशी वाद घातला आणि फर्मान काढिले, की माझा मेकअप भाग्यश्रीच करील, मजला गोरी करू नये, माझे डोळे तेवढे तांब्यासारखे झळकवावे. बाईसाहेब हर्षभरित होऊन बोलून गेल्या, "तू काय टेन्शन घेऊ नको गो. माझ्या हातचा रंग एकदा बसला ना, की सासरी जाईस्तोवर उठणार नाय." हा शब्द जड होता, हे तेव्हा कोणास कळले नाही.

मग शस्त्राची तजवीज. म्हसा गावची जत्रा भरली होती, बैलांचा बाजार एकीकडे आणि बांगड्या-पावडरींचा एकीकडे, तेथे एका दुकानदाराने काळी चकचकीत पेटी उघडून दाखविली. आत आयशॅडोची सारी फौज रांगेने उभी. मॅटचे पायदळ खाली, शिमरचे घोडदळ वर. उजवीकडे न्यूड, पीच, बेबी पिंक ऐसे नाजूक दरबारी, आणि डावीकडे कॉपर, वाईन, सोनेरी ऐसे मर्द सरदार. दुकानदाराने हॅलोजनच्या उजेडात आपल्या गोऱ्या मनगटावर बोटाने एक-एक रेघ ओढिली आणि ती ऐसी झळकली की बाईसाहेबांनी दुसऱ्या दुकानाकडे मान वळविली नाही. कल्याणास जाऊन नावाजलेला माल पारखून घ्यावा, हे क्लासच्या मॅडमांनी शंभरदा सांगितले होते. परंतु जत्रेत शहाणपण कोणाचे चालते?

घरी आल्यावर परीक्षा घ्यावी म्हणून बाईसाहेबांनी यजमान सुयोगराव यांस खुर्चीत बसविले आणि डोळे मिटावयाचा हुकूम केला. राव आज्ञाधारक, मिटून बसले. मग रावांच्या सावळ्या पापणीवर न्यूड लाविला तो चुन्याच्या बोटासारखा उमटला, पीच लाविला तो कोठे गेला त्याचा शोध नाही, आणि कॉपर व वाईन, ज्यांच्यावर सारी भिस्त, ते ब्रशावरून पापणीवर जाता-जाता निम्मे गालांवर उतरून फितूर झाले. तीन-तीन हात द्यावे तेव्हा कोठे किंचित लाली. माल फसवा, हे बाईसाहेबांनी ओळखिले. परंतु कोणास सांगावे? बढाई तर मारून झाली होती. त्या विचारात त्या पाणी प्यावयास आत गेल्या, आणि सुयोगराव डोळे उघडून तैसेच डेअरीवर दूध घालावयास निघून गेले. तेथे जो दरबार भरला त्याचे वर्णन रावांच्या विनंतीवरून गाळिले आहे.

आता वरपक्षाचा मजकूर. वर कसाऱ्याकडचा, आणि त्याची मातोश्री भागीरथीबाई, कडक माळकरीण. सुपारी फुटली तेव्हाच त्यांनी कलम घातले होते, की मांडवात दारूचा थेंब दिसता कामा नये, वास आला तरी आम्ही वऱ्हाड माघारी नेऊ. वधूपक्षाने ते मान्य केले आणि भाऊबंदांस ताकीद दिली, आणि भाऊबंदांनी कधी नव्हे ती पाळली.

लग्नाचे दिवशी पहाटे बाईसाहेबांनी मोटरसायकलीवर कूच केले. सुयोगराव पुढे, बाईसाहेब मागे, मांडीवर पिशवी, पिशवीत पेटी. सरळगाव मागे टाकिले, किन्हवली मागे टाकिली, आणि डोळखांबची चढण लागली तेव्हा एका वळणावर, कोणी कशासाठी घातला ते देव जाणे, एक गतिरोधक आडवा पडला होता. रावांनी तो पाहिला, परंतु पार करून पाहिला. गाडी उडाली, बाईसाहेब उडाल्या, पिशवी त्यांहून उंच उडाली आणि रस्त्यावर आदळली. उघडून पाहतात तो फौजेची दाणादाण! नाजूक दरबारी फुटून पिशवीभर पसरले होते, कंगव्यात, रुमालात, डब्यातल्या भाकरीवर बेबी पिंक. डावीकडचे कॉपर, वाईन आणि सोनेरी आपापल्या खणात होते खरे, पण त्यांचाही चुरा झाला होता. बाईसाहेब रस्त्याच्या कडेस मटकन बसल्या आणि रडू लागल्या. सुयोगराव म्हणाले, "अगो, मी मुद्दाम केलं का?" त्यावर जे उत्तर आले ते बखरीत लिहिण्याजोगे नाही.

पाड्यावर पोहोचल्या तो मांडव सजलेला, हळद उतरलेली, आणि प्रमिला आरशासमोर भरवशाने बसलेली. बाईसाहेब तिजसमोर पेटी न उघडताच मागे फिरल्या. त्या पडवीत गेल्या आणि तेथे प्रमिलेची आत्या हौशीबाई, घरातील सर्वांत वडील, तांदूळ निवडीत होत्या, त्यांस पिशवी दाखवून म्हणाल्या, की क्लासात शिकविले आहे, फुटलेला रंग स्पिरिटात कालवून दाबला तर पुन्हा बसतो, परंतु मेडिकल कोसावर आणि मुहूर्त डोक्यावर. हौशीबाईंनी चुरा बोटांत चोळून पाहिला, जैसे नाचणीचे पीठ पाहतात तैसा, आणि विचारिले, "स्पिरिट म्हंजे काय गो? पेटतं का ते?"

"पेटतं."

"मंग आपल्याकडं हाय." ऐसे बोलून आत्याबाई उठल्या, आणि कणगीमागे देवाला धार घालावयास म्हणून ठेविलेली मोहाच्या दारूची बाटली, पहिल्या धारेची, पदराखाली घालून आणिली. काडी ओढून थेंबास लाविली तो निळी ज्योत भपकन उठली. ही पारख त्या मुलखात लहान पोरासही ठाऊक. बाईसाहेबांस कलम आठवले आणि त्या कचरल्या. तेव्हा आत्याबाईंनी निवाडा दिला, की कलम पिण्याचे आहे, माखण्याचे नव्हे, आणि उन्हात धरले की वास उडून जाईल. अडला जीव काय करील? मान्य केले.

मग वाट्या आल्या, चमच्याचे दांडे आले, आणि थेंब-थेंब टाकून कॉपर वेगळा, वाईन वेगळा, सोनेरी वेगळा ऐसे मळले. बाईसाहेबांनी आधी आपल्या मनगटावर रेघ ओढिली, आणि डोळे विस्फारून पाहतच राहिल्या. जो कॉपर कोरडा असता कुचकामी, तो भिजल्यावर चिंचेने घासलेल्या हंड्यासारखा लखलखला! मग आपल्या पापणीवर लावून पाहिला, झोंबले नाही. मग हळूच, पापणीच्या आत थेंब जाऊ न देता, प्रमिलेच्या डोळ्यांवर चढविला. पापणीभर कॉपर, कोपऱ्यात वाईन, मध्ये सोनेरीचे बोट. प्रमिलेने आरशात पाहिले, मान वळवून दोन्ही डोळे पुन्हा पाहिले. शेवटी म्हणाली, "भाग्ये, ही मीच हाय ना गो." बाईसाहेबांचा जीव तेथेच भांड्यात पडला.

परंतु हौशीबाईंचा हिशेब एका गोष्टीत चुकला होता. रंग वाळला, वास वाळला नाही. मंगलाष्टकांपूर्वी भागीरथीबाई सुनेस कुंकू लावावयास वाकल्या, आणि वाकल्या त्या तैशाच थांबल्या. नाक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग त्या ताठ झाल्या आणि मांडवास ऐकू जाईल ऐसा सवाल केला, की येथे कोण पिऊन उभे आहे? सनई वाजविणारा सुद्धा फुंकर गिळून बसला. वऱ्हाडातून कोणी नवरीच्या बापाकडे पाहिले, तो बिचारा ताकाशिवाय काही न घेतलेला, परंतु घामाने भिजला. कोणी कुजबुजले की नवरीच्याच अंगाला वास येतो. ते ऐकून प्रमिलेचे टपोरे डोळे भरून आले, आणि वरपक्षातील एका मामाने गाडी वळवून ठेवावयास माणूस पिटाळिला.

बाईसाहेब मांडवाच्या खांबामागे उभ्या होत्या. गप्प राहिल्या तर कोणा तरी गरिबावर आळ जाईल आणि त्यांचे नाव शाबूत राहील. बोलल्या तर पॅलेट जत्रेतली, ती फुटकी, आणि रंग दारूत कालविलेला, हे साऱ्या मुलखास कळेल, आणि पुढे त्यांच्या खुर्चीत नवरी काय, नवरीची करवली सुद्धा बसणार नाही. तरी त्या निघाल्या आणि भागीरथीबाईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"मावशी, कोण नाय पिलेला. माझी पेटी फुटली रस्त्यात. रंग मोहात भिजवून मी लावलाय. तिला मी विचारलं पण नाय. बोलायचं तर मला बोला."

हौशीबाई मागून ओरडल्या, "बाटली मी दिली गो! देवाची हाय ती!" आणि मग जे होईल ते होवो म्हणून त्याही पुढे येऊन उभ्या राहिल्या.

भागीरथीबाईंनी सुनेची हनुवटी धरिली आणि तोंड उजेडाकडे वळविले. प्रमिलेचे पाणी आता गालांवरून वाहत होते, हळद ओली झाली होती, पावडरीत दोन पाट पडले होते. बाईंनी पदराचे टोक घेऊन पापणी पुसली. पदर पाहिला, कोरा. पुन्हा पुसली, जोर देऊन. पुन्हा कोरा. कॉपर जागचा हलला नाही, वाईनने कोपरा सोडला नाही. मांडवातील झाडून साऱ्या बाया माना उंच करून पाहू लागल्या.

मग भागीरथीबाईंनी हुकूम सोडिला, की आमचे कलम पोटापुरते होते, डोळ्यांचा त्यात उल्लेख नाही, सबब वऱ्हाड माघारी जात नाही, भटजींनी पुढे चालवावे. गाडी वळवावयास गेलेल्या माणसास हाका मारून परत आणिले. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, आणि नवरीच्या बापाने त्या दिवशी पहिल्यांदा श्वास सोडला.

जेवणे उठल्यावर बाईसाहेब पडवीत वाट्या विसळावयास बसल्या, तो मागे पावले वाजली. भागीरथीबाई होत्या. त्यांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले, दार लोटून घेतले आणि हळूच विचारिले, "उरलाय का गो थोडा?" कॉपर उरला होता. बाई भिंतीस टेकून बसल्या, तुळशीची माळ पदराखाली झाकून घेतली आणि डोळे मिटले. "फोटोपुरता लाव. आनी वारा घाल, ह्यांच्या नाकाला कळायला नको."

येणेप्रमाणे डोळखांबची मोहीम तडीस गेली. ज्या माउलीने जन्मात दारूस बोट लाविले नव्हते, तिने ती स्वखुशीने दोन्ही पापण्यांवर चढविली आणि फोटोत विहिणीच्या मानाने मध्यभागी उभी राहिली, आणि भाग्यश्रीबाईसाहेबांनी नवरीचा पहिला किल्ला सासूसकट घेतला.