अठरा देशांच्या दरबारी बांध फुटला त्याची हकीकत

श्रीचरणी मस्तक ठेवून, जे घडले तितकेच येथे लिहिले आहे. शके पंधराशे ब्याऐंशी, शार्वरीनाम संवत्सरे, एका राज्यी राजश्रींनी आज्ञा केली की चाकरीस एकाच देशीचे लोक असू नयेत, गुण असेल तो कोठलाही असो, ठेवावा. मग गोलंदाज हबशी आणिले, आणि जहाजे बांधणारे मलबारी आणिले, आणि मोठ्या तळ्याचा बांध राखावयास वीरण्णा तेलंगी आपली कन्या नागम्मा हीस घेऊन आले. दरबारी अठरा देशांच्या लोकांस मानाची आसने दिधली, ज्याचा त्याचा पोशाख, विडे, अत्तर. परंतु चाल ऐसी की दरबारी मसलत होत नसे. मसलत होई दोन प्रहरी, कारभारी रंगोपंत यांच्या पंगतीस, आणि त्या पंगतीस परदेशीयाचे पान मांडीत नसत.

श्रावणमासी तळे काठोकाठ भरले. वीरण्णांनी पाहिले की बांधाच्या पायथ्याशी झिरपते पाणी गढूळ आहे. नितळ झिरपले तर भय नाही. गढूळ म्हणजे बांध आतून पोखरतो आहे. मग पंतांस वाटेत गाठून म्हणाले, "बांधाची मोरी उघडून पाणी सोडू द्या. खाली दोन गावे आहेत." पंत म्हणाले, "परवा अठरा देशांचा नौकोत्सव. नावा काय चिखलात ओढाव्या? आणि वीरण्णा, आधी आमची बोली नीट करा, मग आमच्या तळ्याची चिंता वाहा." वीरण्णा म्हणाले, "पंत, पाणी फुटताना बोली विचारीत नाही." भोवतालचे हसले, आणि पंतही हसले, आणि पुढे गेले. उत्सवाचे दिवशी झिरप वाढली. तेव्हा वीरण्णांनी ते पाणी तांब्यात भरून नागम्मेहाती पंतांकडे धाडिले आणि आपण हुकुमावाचून मोरीकडे गेले. पंगत बसली होती. नागम्मा ओसरीखाली उभी राहिली. आतून पंत म्हणाले, "पोरी, ताकभात तेवढा होऊ दे." ताकभात जाहला, आणि बांध गेला.

वीरण्णा आठवे दिवशी गाळात सापडले. राजश्रींनी अश्रू ढाळिले, ते खरे होते. पुसिले, "आम्हांस कोणी सांगितले का नाही?" पंत म्हणाले, "दरबारी कोणी बोलल्याचे स्मरत नाही," आणि तेही खरे होते. मग राजश्रींनी नागम्मेस वडिलांचे पद, आसन आणि वस्त्रे देऊ केली. ती म्हणाली, "पद वडिलांकडेही होते, महाराज." आणि वस्त्रे न घेता निघाली.

एवंच, आज्ञा चांगली होती, माणसे गुणी होती, आणि बांधाखालची दोन गावे आता नाहीत.