कोपऱ्यातलं टिंब

आमच्या ऑफिसातले गायकवाडजी रोज सकाळी संगणकावर एक टिंब काढतात आणि मग ते शोधायला निघतात. सापडलं नाही तर त्यांना पोहे गोड लागत नाहीत, आणि इंदुरात ज्याला पोहे गोड लागत नाहीत त्याचं काही खरं नाही.

कारखान्यांच्या वायरिंगची चित्रं काढायचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. चित्र स्क्रीनवरच्या खिडकीत मावेनासं झालं की कडेला स्क्रोलबार यायला हवा. आमच्याकडे तो बहुधा येत नाही. उरलेलं चित्र खिडकीबाहेर अडकतं आणि तिथवर पोचायला वाटच नसते. गायकवाडजी टिंब काढतात ते नेमकं त्या टोकाच्या कोपऱ्यात.

"भिया, चित्र वाढलं तर खिडकीला सांगावं लागतं ना! ती अपने आप थोडीच विचारणार?" गायकवाडजी सगळ्यांनाच भिया, म्हणजे भाऊ, म्हणतात; त्यांचं हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता झोपेतही म्हणेन.

एकदा साहेब वैतागले. "सब चित्रों को एक बड़ा साइज़ ठोक दो, झंझट खतम!"

"साहब, फिर तो छोटे चित्र में आदमी खाली जगह में भटकता रहेगा," गायकवाडजी म्हणाले. आवाज असा, की घरचंच कुणी भटकतंय.

ऑफिसच्या फोटोतही तेच. "कडेचा कटला!" म्हणून ते सगळ्यांना पुन्हा उभं करतात. एका निरोप समारंभात फोटो मनासारखा येईपर्यंत ज्यांचा निरोप होता तेच घरी निघून गेले.

मागच्या रविवारी त्यांनी मला महूला घरी जेवायला बोलावलं. वहिनींना काचबिंदू. नजर चहूबाजूंनी आवळत आलेली, आता समोरचं तेवढं बोटभर दिसतं. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलंय.

"सगळं करून पाहिलं, भिया," स्वयंपाकघरात ते हळूच म्हणाले. "इथं कुणाला सांगू, खिडकी मोठी कर म्हणून?" मला फार वाईट वाटलं.

जेवण झालं. ते वहिनींच्या शेजारी बसून त्यांना संत्रं सोलून देऊ लागले. वहिनी माझ्याकडे बघत बोलत होत्या. मधेच थांबल्या.

"भाऊजी, हे कुठं गेले हो?"

गायकवाडजी हातातलं संत्रं ठेवून मुकाट्यानं उठले, टेबलाला वळसा घालून त्यांच्या अगदी समोर आले आणि हसून म्हणाले, "हा काय, आत्ताच आलो."

वहिनींचा चेहरा उजळला. मी निघेपर्यंत ते असे पुन्हा पुन्हा घरी येत राहिले.