भोगवटादार महिपती

ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसून महिपती भोईरने घरपट्टीचा तो कागद पुन्हा एकदा वाचला. घर कमरुद्दीन मुकादमचे. मालकाच्या रकान्यात कमरुद्दीनचेच नाव होते, तिथवर सगळे ठीक. पण शेजारच्या रकान्यात, जिथे वर 'भोगवटा करणाऱ्याचे नाव' असे छापले होते, तिथे ठसठशीत अक्षरांत लिहिले होते, 'महिपती केरू भोईर'. मित्राने विश्वासाने सोपवलेल्या घराच्या सरकारी कागदावर आपण जाऊन बसलो आहोत आणि आपल्याला त्याचा पत्ताच नव्हता, हे कळल्यावर त्याला पायरीवरून उठवेना.

वरसोंडे हे कासू स्टेशनापासून आत, भात आणि वाल पिकवणारे गाव. तिथे महिपतीचे आणि कमरुद्दीनचे घर एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना. कमरुद्दीन तरुणपणीच कुवेतला गेला, मागाहून बायको नूरबानोही गेली आणि घर महिपतीच्या हाती आले. "घर सांभाळ रे," एवढेच तो जाताना म्हणाला होता. महिपतीने ते असे सांभाळले, की गावातली बाकीची बंद घरे वाळवीने खाल्ली, छपरे खाली बसली, पण हे एक घर कौलासकट उभे राहिले. आता महिनाअखेरीस दोघे रजेवर येणार होते. विजेचा मीटर अजून कमरुद्दीनच्या वडिलांच्या नावावर होता. तो बदलायला घरपट्टीचा उतारा लागतो, तेवढा काढून ठेव, असे कमरुद्दीनने फोनवर सांगितले होते. म्हणून महिपती पंचायतीत गेला, कॉम्प्युटरवर बसणाऱ्या नूतनने उतारा छापून दिला आणि हे असे झाले.

नाव कसे चढले, ते नूतननेच सांगितले. मागच्या आकारणीला मोजमापाची माणसे आली होती, त्यांना घरोघरी जे सांगितले गेले ते त्यांनी लिहिले. तेव्हा महिपतीला आठवले. भाताची झोडणी नुकतीच उरकली होती आणि कमरुद्दीनच्या पडवीत त्याच्या भाताच्या गोणी, वालाची पोती रचलेली होती. टेप घेऊन आलेल्या माणसाने विचारले, हे घर वापरतं कोण? महिपतीने छाती पुढे काढून 'मी' म्हणून सांगितले आणि वर त्याला चहा पाजला. सरकारी माणसाला खरे उत्तर द्यायची काही जणांना हौस असते. तिचे फळ ताबडतोब मिळत नाही, एवढेच.

घरी मुलगा नितेश शिफ्ट करून आला होता. रोह्याच्या एका कंपनीत तो मशीन चालवायचा आणि उरलेल्या वेळात मोबाइलवर कायदा शिकायचा. त्याने उतारा हातात घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि सांगितले की लोक असल्या कागदासाठी मरतात. "बारा वर्षं वापर दाखवला ना बाबा, की घर आपलंच होतं. कोर्टात चालतं हे."

महिपतीने कागद हिसकावून घेतला. त्याचा चेहरा बघून नितेश जेवायला बसला.

बायकोचे, शकूचे म्हणणे सोपे होते. कमरूभायला फोन लावा आणि झाले ते सांगा. पण महिपतीचा हात फोनकडे जाईना. खांब गावाजवळच्या वडिलार्जित शेतावर कमरुद्दीनच्या भाऊबंदांनी असेच गपचूप नाव चढवले होते, तेव्हा कुवेतहून फोनवर तो रडला होता. सख्ख्या भावासारखी माणसं अशी करतात, आता भरवसा फक्त तुझा, असे म्हणाला होता. त्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचे की तुझ्या घराच्या कागदावर माझेही नाव चढले आहे? "त्याला वाटंल, हा पन त्यातलाच," महिपती म्हणाला. "घर गेलं तरी चालंल गो, पन हे वाटाय नको." त्याला भीती होती ती एवढीच, आणि ती खरी होती. कमरुद्दीन यायच्या आत नाव काढून टाकायचे, म्हणजे त्याला कधी कळणारच नाही, असे त्याने ठरवले. गुपचूप काम करायला सरकारी कचेरीत जाणारा माणूस गावाने पहिल्यांदाच पाहिला असेल.

ग्रामसेवक भाऊसाहेब सज्जन होते. नाव कमी करा म्हणताच त्यांनी अर्ज द्यायला सांगितले. महिपतीने तिथेच अर्ज लिहून दिला. भाऊसाहेबांनी तो घेतला, शिक्का मारला आणि आता नोटीस लागेल म्हणाले.

"कसली नोटीस?"

"कुणाची हरकत आहे का, विचारायला लागतं. मिळकतीवर लावतात."

"मिळकतीवर म्हंजे?"

"त्या घराच्या दारावर," भाऊसाहेब शांतपणे म्हणाले. "सुनावणी महिनाअखेरीस."

महिपतीने अर्ज परत मागितला. तोही त्यांनी नाकारला नाही. फक्त एकदा आवक नोंद झाली की अर्ज मागे घ्यायचाही अर्ज लागतो आणि त्याचाही निर्णय सुनावणीतच होतो, एवढे समजावून सांगितले.

एरवी शिपाई काळुरामने लावलेली नोटीस संध्याकाळपर्यंत शेळ्यांच्या पोटात जाते. पण महिपती म्हणजे गावातला वजनदार माणूस, त्याचे काम नीट झाले पाहिजे, म्हणून काळुरामने या वेळी पिठाची खळ शिजवून आणली आणि कागद चारी बाजूंनी दाबून बसवला. नोटिशीत लिहिले होते, की 'सदर मिळकतीचे भोगवटादार सदरी महिपती केरू भोईर यांचे नावाचे नोंदीबाबत फेरबदल करणेचे प्रयोजन असून कोणाची हरकत असल्यास मुदतीत कळवावी.' नाव चढवायचे आहे की उतरवायचे आहे, हे त्यातून देवालाही कळले नसते. गावाला मात्र लगेच कळले. मुकादमचे घर भोईर घेतो आहे.

महिपती भेटेल त्याला समजावू लागला की उलट आहे, मी नाव काढतो आहे. लोक मान डोलवायचे. जो माणूस आपणहून सांगत सुटतो की मी चोरी केली नाही, त्याच्याकडे लोक जसे बघतात, तसे बघायचे. शेवटी भर दुपारी, गाव जेवून पडलेले असताना, तो ओले फडके घेऊन नोटीस सोडवायला गेला. काळुरामची खळ चांगलीच होती. कोपरा जेमतेम सुटला तोच मागून बायका पाण्याला निघाल्या. त्यांनी काही विचारले नाही. संध्याकाळी गावात बातमी होती की भोईरने नोटीस फाडली, म्हणजे कुणी हरकत घ्यायला नको. काळुरामने रात्री जेवणाआधी येऊन तिथेच दुसरी लावली.

बातमी रोह्याला पोचायला वेळ लागला नाही. तिकडून कमरुद्दीनचा पुतण्या हमझा मोटारसायकलवर आला. गोड बोलणारा माणूस, नवेच लग्न झालेले, भाड्याच्या खोलीत राहायचा. त्याने नोटीस वाचली, घराला फेरी मारली, खिडक्यांचे गज हलवून पाहिले आणि महिपतीच्या ओटीवर बसून चहा घेतला. काका, तुम्ही नाव काढताय ते फार चांगलं करताय, असे तो म्हणाला. असे म्हणणारा तो पहिलाच, म्हणून महिपतीचे डोळे भरून आले. मग हमझाने सांगितले की त्यानेही एक अर्ज देऊन ठेवला आहे. घर बंद राहण्यापेक्षा घरातल्या माणसाने राहिलेले बरे. तुमचं नाव निघालं की त्या जागी माझं लावा, चाचा काय मला नाही म्हणायचे नाहीत.

महिपतीने कप खाली ठेवला. कमरुद्दीन नाही म्हणणार नाही, हे खरे होते. खांबच्या शेताच्या वेळीही तो नाही म्हणाला नव्हता. नात्यातल्या माणसाला तोंडावर नकार देणे त्याला आयुष्यात जमले नाही आणि दर वेळी त्याची किंमत त्यानेच मोजली. आता नाव राहिले तर महिपती चोर, आणि निघाले तर हमझा घरात. शकूने पुन्हा फोन करायला सांगितले. महिपती म्हणाला, आता समोरासमोरच सांगतो.

कमरुद्दीन यायच्या दिवशी तो मिनिडोर रिक्षाने पेणला गेला आणि रामवाडीच्या नाक्यावर उभा राहिला, म्हणजे दारावरचा कागद दिसण्याआधी गाडीतच सगळे सांगता येईल. विमानतळावरून आलेली गाडी थांबली, कमरुद्दीनने उतरून त्याला मिठी मारली. केस पांढरे झाले होते. गाडी सुटली आणि महिपतीने घसा साफ केला.

"कमरूभाय, एक सांगायचं हाय."

"सांग की. आधी माझं ऐक." आणि कमरुद्दीन बोलतच राहिला. अजून दोन वर्षे नोकरी आहे, मग कायमचे यायचे. तिकडे त्याच्या खोलीतल्या माणसांना गावच्या घरांची काळजीच फार, कुणाचे कुणी लाटले, कुणाचे कुणी विकले. "मी त्यांना बोलतो, माझं काय नाय. माझा महिपती हाय. मी पाठ टेकली का झोपतो." नूरबानो मागच्या सीटवरून हसली आणि म्हणाली की घोरतात सुद्धा. महिपतीने खिडकीबाहेर पाहिले. कासूचा फाटा आला, गेला, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही.

दारात अर्धे गाव उभे होते. हमझाही होता, त्याने पुढे होऊन बॅगा घेतल्या. कमरुद्दीनने चष्मा लावला आणि नोटीस वाचली. सावकाश, वरपासून खालपर्यंत, सहीसकट. हमझाने हलक्या आवाजात आपल्या अर्जाचेही सांगून टाकले. महिपती कुंपणाला धरून उभा होता. मित्राने एकदा वळून आपल्याकडे बघावे, शिवी द्यावी, काहीही करावे, असे त्याला वाटत होते. कमरुद्दीनने चष्मा काढून खिशात ठेवला.

"उद्या हाय ना सुनावणी," तो म्हणाला, "उद्या बघू." आणि आत गेला.

महिपती त्या रात्री जेवला नाही.

सकाळी पंचायतीत बसायला जागा नव्हती. भाऊसाहेबांनी आधी सांगितले की घरपट्टीचा उतारा हा कर वसुलीचा कागद आहे, त्याने मालकी ठरत नाही, तसे खाली छापलेलेसुद्धा आहे. ते नितेशसह कुणीच वाचले नव्हते. भोगवटादार म्हणजे प्रत्यक्ष वापरणारा, बस. मग त्यांनी महिपतीचा अर्ज वाचला, हमझाचा वाचला आणि कुणाची हरकत आहे का विचारले. कमरुद्दीनने घडी घातलेला कागद पुढे केला. भाऊसाहेबांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि वर पाहिले.

"मुकादम, तुम्ही मालक. तुमच्या घरावरचं दुसऱ्याचं नाव निघतंय, त्याला तुमचीच हरकत?"

"व्हय," कमरुद्दीन म्हणाला. "महिपतीचं नाव राहू दे."

हमझा उठून म्हणाला की चाचा, तो परका माणूस, मी घरचा. कमरुद्दीनने त्याच्याकडे फार मायेने पाहिले. "बेटा, मी तुला नाय कसं म्हणू? पन घर रिकामं नाय ना. सरकारनंच लिवलंय त्यात मानूस हाय. सरकारपुढं माझं काय चालतंय?" आयुष्यात पहिल्यांदा त्याने नात्यातल्या माणसाला नकार दिला होता, आणि तोही न देता.

मग तो महिपतीकडे वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मी घर सांभाळ म्हनालो व्हतो. रिकामं ठेव असं कधी म्हनालो? रिकामी ठेवलेली घरं काल येताना बघितली मी."

महिपतीला हुंदका आवरेना. पण भाऊसाहेबांना हुंदका नोंदवता येत नव्हता. त्यांना उत्तर हवे होते. प्रत्यक्ष वापर आहे की नाही? नाही म्हटले तर नोंद जाणार, मग हमझाचा अर्ज पुढे येणार. आणि गेले पंधरा दिवस महिपती गावात दारोदार सांगत होता की त्या घराशी माझा काही संबंध नाही. ते सगळे दारोदारचे गाव आता समोर बसले होते.

"वापरतो," महिपती म्हणाला.

"काय वापर?"

"भात ठेवतो. वाल ठेवतो." तो थांबला. मग खरे बोलायची ती जुनी खोड उचल खाऊन वर आली. "उन्हाळ्यात दुपारचा झोपाय पन जातो. तिथं गार लागतं."

शकूने त्याच्याकडे पाहिले. इतकी वर्षे तिला तो बांधावर गेल्याचे सांगत आला होता. मागच्या रांगेत कुणीतरी शेजाऱ्याला म्हणाले, बघ, मी सांगत नव्हतो? भाऊसाहेबांनी नोंद कायम केली, दोन्ही अर्ज निकाली काढले आणि महिपतीची सही घेतली. हमझाने चाचांच्या पाया पडून मोटारसायकलला किक मारली. गावाचा निकाल तर आधीच लागला होता, त्यावर आता शिक्का बसला. महिपतीने भोळ्या मुकादमाला बरोबर गुंडाळला, असे लोक आजही सांगतात.

दुपारी महिपती आपल्याच ओटीवर घामाघूम होऊन पडला होता. कुंपणापलीकडून कमरुद्दीन आला आणि पायाने त्याला ढोसले.

"भोगवटादार, उठ. नूरनं चटई टाकलीय."

"नको रे कमरूभाय. लोक बघतायत."

"मग मी सरकारला खोटं सांगून आलो काय?"

महिपती उठला. पाणवठ्यावरच्या बायका थांबल्या, पारावरचे लोक माना वळवून बघू लागले. महिपती त्यांच्या समोरून चालत मुकादमच्या घरात शिरला आणि त्यांच्या देखत त्याने दार आतून लावून घेतले.