फोटो पुसट कुणी केला?

"हा बघ, आज आणखी पुसट झाला!" दादांनी मोबाइल बायकोच्या नाकाला टेकवला. "परवा आक्काच्या चष्म्याची काडी दिसत होती. आज चष्माच गायब! हे धाकट्याचंच काम."

"अहो, भावोजी त्यांच्या घरी बसून तुमच्या मोबाइलमधला फोटो कसा पुसतील?"

"तू त्याला ओळखत नाहीस."

धाकट्या भावाने नुसतं "कसा आहेस?" विचारलं, तरी दादांना त्यात काळंबेरं दिसायचं. त्यात आता त्यांची थोरली बहीण आक्का मुलाकडे कायमची राहायला निघाली होती. जाताना तिने एकच मागितलं होतं, तिघा भावंडांचा मोठा फोटो, भिंतीवर लावायला. फोटो धाकट्याने पाठवला आणि दादा रोज त्यावर कारागिरी करू लागले. थोडा उजेड वाढव, धाकट्याचं कोपर काप, सेव्ह. दुसऱ्या दिवशी तोच उघडून पुन्हा थोडं कोपर, पुन्हा सेव्ह.

शेवटी दोघं फोटोवाल्याच्या दुकानात गेली. त्याने फोटो पाहून कपाळाला हात लावला.

"काका, बदल करून सेव्ह केलं की फोटो दरवेळी थोडा दाबला जातो, बारकावे उडतात. मूळ फोटोला हात लावायचा नसतो, नकलेवर काय ते करायचं."

"म्हणजे मीच...?"

बायको उगाचच खोकली.

"पण तुम्हाला आलेला फोटोही लहानच आहे," फोटोवाला म्हणाला. "पाठवणाऱ्यानेच लहान करून पाठवलाय."

"ऐकलंस?" दादांच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी तिथूनच धाकट्याला फोन लावला. "मूळ फोटो पाठव!"

"दादा, तोच चालवून घे ना."

"का? काय लपवतोयस?"

"अरे, काही नाही..."

"मग पाठव! आत्ताच्या आत्ता!"

फोटो आला. फोटोवाल्याने तो मोठ्या पडद्यावर उघडला. काय लख्ख होता! आक्का हसत होती, धाकटा हसत होता. आणि दादा? आक्काच्या खांद्यावरच्या धाकट्याच्या हाताकडे ते असे डोळे वटारून बघत होते, की फोटोवाल्यानेही खुर्ची जरा मागे घेतली.

"अगबाई! हे तुम्ही?" बायको म्हणाली.

फोन अजून चालूच होता. "म्हणून लहान केला होता रे," पलीकडून धाकटा हळूच म्हणाला. "आक्का रोज बघणार. तिला वाईट वाटलं असतं."

दादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग काका, कुठला छापू?" फोटोवाल्याने विचारलं.

"हाच," दादा म्हणाले. "फक्त माझं तोंड जरा पुसट करा. आणि ह्याचं कोपर कापलंत तर बघा!"