नव्या इंजिनाचे राज्यारोहण आणि डाव्या बैठकीचा पाडाव

श्रीगजवदनास नमन, विश्वकर्म्यास नमन, आणि ज्याच्या कृपेवाचून गंजला बोल्ट हलत नाही त्या रॉकेलासही नमन. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, आश्विन शुद्ध दशमी, ते दिवशी एका राज्याचे सीमोल्लंघन कैसे जाहले, आणि तत्पूर्वी डाव्या बैठकीचा पाडाव कैसा जाहला, हे सेवकाने डोळां देखिले तैसे लिहिले असे. सेवक कोणाचा हेवा करीत नाही. हे आरंभीच लिहून ठेविले म्हणजे पुढे कोणी शंका घेणार नाही.

राज्य लहान परंतु बंदोबस्ताचे. पूर्वेस पेरूचे झाड, पश्चिमेस लोखंडी फाटक, उत्तरेस पाण्याची टाकी, आणि मधोमध पत्र्याची रथशाळा. तेथील राजे श्रीमंत त्र्यंबकराव महाराज, ज्यांस घरोब्यात आम्ही तात्या म्हणू, आणि राणीसाहेब मंदाकिनीबाई, ज्यांस वहिनी म्हणू. महाराज नोकरीतून मोकळे होताच त्यांचे चित्तात आले की मोटार विकत घेणे हे कोणासही येते, आपण ती स्वहस्ते बांधावी. मग दूरदेशाहून पेट्या मागविल्या, आणि पेट्यांतून नळ्यांचा सांगाडा, फायबरचे अंग, दिवे, चाके ऐसा सरंजाम निघाला, आणि जोडणे तेवढे आपले आपण. इंजिन मात्र पेटीत नव्हते, ते एका जुन्या मोटारीचे मिळवून बसविले. या कामी महाराजांचे उजवे हात आम्ही. तीन पावसाळे दर रविवारी आम्ही रथशाळेत पाठीवर पडून राहिलो, आणि महाराजांनी "पाना" म्हणण्याआधी पाना हाती दिला, आणि डोळ्यात गंज पडला तरी हूं की चूं केले नाही. रथास बैठका दोनच. उजवी महाराजांची, आणि डावीविषयी महाराज एके दिवशी चहाचा कप हाती धरून खासा बोलिले, "गड्या, पहिलं सीमोल्लंघन तू आणि मी." ते शब्द आम्ही काळजात ठेविले. पुढे डाव्या बैठकीचा फोम कापावयाचा जाहला तेव्हा आम्ही रंगाच्या डब्यावर बसलो आणि महाराजांनी आमच्या पाठीचे माप घेऊन फोम कापिला. ऐसी ती बैठक आमची. परंतु गतवर्षी दसऱ्यास झेंडूच्या माळा घालून रथ फाटकाशी आणिला, आणि पुढचे चाक सीमेस लागणार तोच इंजिनाच्या पोटातले ऑईल संपले, आणि आत सर्व जाम होऊन इंजिनाने फाटकाच्या अलीकडेच प्राण सोडिला. आम्ही उतरोन रथ मागे ढकलीत आणिला. सीमोल्लंघन राहिले, आणि वर्षभर रथ ताडपत्रीखाली राहिला.

पुढे भाद्रपदात गणपती बोळविल्यावर मागल्या गल्लीत नवा राहावयास आलेला निशिकांत पोतनीस या नावाचा एक इसम फाटकातून आत आला. वय आमच्या निम्मे, केस काळे, आणि हसणे ऐसे की जणू फाटक त्याच्याचसाठी केले. त्याने वर्तमान सांगितले की, "माझ्या मामाची गाडी मागून ठोकली गेली. मागचं सगळं गेलं, पुढचं इंजिन मात्र शाबूत आहे. तुम्हाला हवं तर घेऊन जा." हे ऐकोन महाराज ऐसे उठिले की चहा सांडला. आणि म्हणो लागले, "अरे, देवासारखा आलास की." तीन पावसाळ्यांत आम्हांस देवाची उपमा एकदाही मिळाली नव्हती. असो. मग हातगाडीवरून इंजिन आले, आणि त्यामागे दुसऱ्या खेपेस पोत्यात गुंडाळून त्याचा गिअरबॉक्स आला, कारण जुना गिअरबॉक्स नव्या इंजिनास जुळेना. आणि इंजिनामागोमाग निशिकांतपंतही दर रविवारी येऊ लागले. घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे, ऐसे म्हणतात ते खोटे नव्हे.

मग त्याचे प्रस्थ कैसे वाढले ते लिहितो. दुसऱ्याच रविवारी वहिनींनी चहा आणिला, तो त्याचा कप निराळा. पुसता कळले की पंतांस साखर कमी लागते. आम्हांसही कमी लागते. परंतु तीन वर्षे पाकासारखा चहा आम्ही निमूट प्यालो, कारण राजगृही मागणे शोभत नाही, आणि हा आला तो मागून मोकळा जाहला. मग त्याने इंजिन तेथेच लाकडी ओंडक्यांवर ठेवून बॅटरीस जोडून चालू केले, आणि लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनास टेकवून मुठीस कान लाविला, आणि डोळे मिटले, आणि बोलिला, "आतून एकदम निरोगी आहे, तात्या." महाराजांस तात्या म्हणणारे आजवर आम्ही एक होतो. महाराज थक्क जाहले, आणि त्यांनीही कान लाविला, आणि म्हणाले, "वा." मग आम्हांस म्हणाले, "गड्या, तूही ऐक." आम्ही कान लाविला. खडखडाटावाचून काही ऐकू येईना, परंतु मान डोलाविली आणि "निरोगीच" ऐसे बोलिलो. त्या दिवसापासून महाराज त्यास निशा म्हणो लागले, आणि पान्यांची नवी पेटी, जी आम्हांस पुसून घेतली होती, ती त्याच्या हाताशी राहू लागली. आमच्या पायाची आग मस्तकात गेली. ती हेव्याची नव्हे, ती पान्यांच्या काळजीची. नव्या पान्यांस शिस्त लागते.

दसरा जवळ आला. महाराजांचा निश्चय की यंदा सीमोल्लंघन होणे. आणि राज्यात सर्वांचे मनी एकच प्रश्न होता, तो कोणी बोलेना, की डाव्या बैठकीवर कोण. पाठ आमची, परंतु इंजिन त्याचे. महाराज काही उघड करीत ना. मग आम्ही मर्जी सांभाळावयास पेढे नेले, तर त्याने भिजवलेले काजू आणिले. आम्ही रथ पुसला, तर त्याने चाकांच्या आऱ्या पुसल्या. ऐसी चढाओढ चालली असता महाराजांनी आज्ञा केली, "गड्या, तू गाडीतली जागा मोज. निशा, तू इंजिन मोज. आणि मग दोघं बसून ताळा करा, म्हणजे बसवताना घोळ नको." आज्ञा स्पष्ट होती. परंतु आम्ही त्याच्या अंगणात जावे तर आमचा मान काय राहिला, आणि तो आमच्या दारी येईना, कारण नवा जाहला तरी त्यासही मान होताच. सबब आम्ही जागा मोजून महाराजांस एकट्याने सांगितली, आणि त्याने इंजिन मोजून महाराजांस एकट्याने सांगितले, आणि महाराजांनी दोन्ही ऐकोन "बसतंय की" ऐसा निकाल दिला. गिअरबॉक्स पोत्यातच राहिला. तो आम्हांस दादा म्हणे, आणि समजला की गिअरबॉक्स गाडीकडचा, म्हणजे दादांचा. आम्ही समजलो की इंजिनाबरोबर आला, म्हणजे त्याचा. दोघांच्या कारभारात तो पोरका राहिला.

मग सर्वपित्री होऊन घट बसले, आणि एके सकाळी रथशाळेच्या तुळईस वजन उचलावयाची चेनकुप्पी बांधिली, आणि साखळी ओढता ओढता इंजिन उचलिले, आणि झुलत झुलत रथाच्या पोटात सोडिले. ते आपल्या जागी ऐसे बसले की जणू तेथेच जन्मले. निशिकांतपंतांनी हात जोडिले, आम्हीही जोडिले, अंमळ आधी. मग पोते सोडून गिअरबॉक्स आणिला, आणि महाराज खाली सरकले, आणि आम्ही दोघे वरून आधार देऊ लागलो, आणि बहुत वेळ खालून ठोकाठोक ऐकू आली. मग महाराज बोलिले, "थांबा. हे कुठं जायचं?" गिअरबॉक्स जुन्याहून रुंद, आणि दोन बैठकांमधल्या पत्र्याच्या बोगद्यात तो शिरेना. आम्ही निशिकांतपंतांकडे पाहिले. त्यांनी आमच्याकडे पाहिले. एकमेकांच्या डोळ्यांत एकच गोष्ट दिसली, आणि दोघांनी एकदमच नजर फिरविली. महाराज बाहेर आले, कपडे झाडिले, आणि रथाभोवती एक फेरी घालून म्हणाले, "उजवीकडं माझे पाय. क्लच हिकडं, ब्रेक हिकडं. तिथं हात लावता येत नाही. डावीकडं काय आहे? सीटच की. काढा सीट आणि बोगदा तिकडं वाढवा." वहिनी दाराशी कप घेऊन उभ्या होत्या. त्या बोलिल्या, "अहो, मग शेजारी कोण बसायचं?" महाराज हसोन बोलिले, "शेजारी कोण कशाला पाहिजे? इंजिन आहे की."

हे शब्द महाराज सहज बोलिले. त्यांत कपट नव्हते, आणि म्हणूनच ते आत गेले. तीन पावसाळे ज्या बैठकीसाठी पाठ झिजविली ती महाराजांचे लेखी एक अडगळ होती, आणि ती तेथे नाही याचे त्यांस काहीच वाटेना. निशिकांतपंतांनी बैठक सोडावयास पाना उचलिला. आम्ही तो त्यांच्या हातून काढून घेतला. बैठक पडावयाची तर आपल्या हाते पडावी, दुसऱ्याच्या हाते नको. बोल्टांस रॉकेल सोडिले, आणि ते निघाले, आणि बैठक उचलोन पेरूखाली नेऊन ठेविली. फोमात आमच्या पाठीचा खळगा तैसाच होता, यद्यपि त्यावर बसून आम्ही फाटकापलीकडे कधी गेलो नाही. मग ग्राइंडर चालला, ठिणग्या उडाल्या, पत्रा वाढविला, आणि गिअरबॉक्स आत गेला, आणि त्या दिवशी आम्ही दोघे एकमेकांशी चार शब्दांपलीकडे बोलिलो नाही. तोही गप्प होता. आम्हांस वाटले, आता ह्यास काय दुःख, इंजिन तर ह्याचेच.

मग विजयादशमी आली. रथास झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबे, वहिनींनी कुंकू लाविले, नारळ वाढविला. महाराज डोक्यावर शिरस्त्राण चढवून एकट्या बैठकीवर बसले आणि किल्ली फिरविली. इंजिन घुर्र करी आणि थांबे, घुर्र करी आणि थांबे, आणि शेवटी बॅटरीने मान टाकिली. महाराज बोलिले, "धक्का मारा." मग डावी बाजू त्याने धरिली, उजवी आम्ही, आणि दोघांनी नेट लाविला, आणि रथ फाटकाकडे धावला, आणि फाटकाशीच इंजिनाने ऐसी डरकाळी फोडिली की समोरच्या तारेवरचे कावळे उडाले. सीमोल्लंघन जाहले. महाराजांनी एक हात वर केला. मागे पाहिले नाही. आम्ही दोघे धुरात उभे, अंगावर झेंडूच्या पाकळ्या, आणि धाप लागलेली.

बसावयास जागा एकच होती, ती पेरूखालची बैठक. आम्ही तिकडे गेलो, तोही मागून आला आणि उभाच राहिला. मग म्हणाला, "दादा, एक सांगू? रागावू नका." आम्ही म्हटले, "बोल." तो म्हणाला, "ही सीट बघितली की माझ्या पोटात दुखायचं. तुम्ही दोघांनी अख्खी गाडी बांधली. मी आलो तेव्हा सगळं झालेलं होतं. माझ्या वाट्याला नुसतं इंजिन आलं." हे ऐकोन आमचे अंतःकरण निवाले. आजवर आम्हीच जळत होतो, आमच्यामुळेही कोणी जळले हे कळता जे सुख जाहले ते डाव्या बैठकीवरही न मिळते. मग आम्ही सरकलो आणि अर्धी बैठक त्यास दिली. मोठी अर्धी आम्ही ठेविली. आणि उदार होऊन बोलिलो, "मीही एक सांगतो. त्या दिवशी स्क्रू-ड्रायव्हरला कान लावला, तेव्हा मला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं." तो हळूच म्हणाला, "दादा, मलाही नव्हतं. मामा तसं करायचा, म्हणून केलं." तेव्हा आम्हांस महाराजांचे ते "वा" आठवले, आणि त्यासही तेच आठवले, आणि दोघे हसलो ते डोळ्यांस पाणी येईपर्यंत हसलो. वहिनी चहा घेऊन आल्या. आम्ही म्हटले, "वहिनी, मलाही साखर कमीच लागते." त्या बोलिल्या, "तीन वर्षं तोंड शिवलं होतं का, भावजी?" त्यावर पुन्हा हसलो.

इतक्यात स्वारी परत आली. महाराजांनी रथ फाटकात आणोन थांबविला, आणि वाट पाहिली की कोणी धावत येईल. कोणी उठले नाही. मग इंजिन बंद करून, शिरस्त्राण काखेस मारून, महाराज चालत पेरूखाली आले. "काय पळते रे," म्हणाले. आम्ही म्हटले, "छान." महाराज बोलिले, "कशाला हसत होता?" निशिकांत म्हणाला, "काही नाही, तात्या." महाराजांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही चहाकडे पाहिले. "माझ्यावर हसत होता?" "नाही हो." "मग सांगा की." आम्ही सांगितले नाही. महाराजांचे मुख उतरले, आणि बैठकीकडे बोट करोन बोलिले, "सरका की जरा." आम्ही बोलिलो, "जागा नाही, तात्या. दोघांचीच आहे."

ऐसी ही हकिकत. रथ उत्तम चालतो, इंजिन निरोगी आहे, डावी बैठक अद्याप पेरूखाली आहे, आणि गेल्या रविवारी महाराज हाती टेप घेऊन रथात डावीकडे काही मोजीत होते, ते कशासाठी हे पुसले असता बोलिले नाहीत. सेवक कोणाचा हेवा करीत नाही. महाराजांचे सांगवत नाही.