संस्थापकांची रिकामी खोली

कोणताही उद्योग भरभराटीला आला की त्याच्या संस्थापकाची गरिबी वाढू लागते. अर्थशास्त्रात हा नियम सापडत नाही. वर्धापनदिनाच्या स्मरणिकांत हमखास सापडतो.

आमच्याकडच्या उशांच्या कारखान्याचंच बघा. दहाव्या वर्षीच्या स्मरणिकेप्रमाणे संस्थापक या शहरात आले तेव्हा त्यांच्यापाशी दोन ट्रंका, राहायला थोरल्या बहिणीची खोली, तिचं शिलाई मशीन आणि मेव्हण्यांनी मिळवून दिलेला दोन पोती कापूस होता. पंचविसाव्या वर्षी एक ट्रंक गेली, मेव्हणे गेले (स्मरणिकेतून, एरवी ते आणखी सहा वर्षं होते) आणि कापूस संस्थापकांनी स्वतःच्या पाठीवरून वाहून आणला. चाळिसाव्या वर्षी बहिणीची 'एक दूरची नातेवाईक' झाली. पन्नासाव्या वर्षी संस्थापक अनवाणी, उपाशी, एका रिकाम्या खोलीत उभे होते आणि पहिली उशी त्यांनी आपल्या हातांनी शिवली. ज्या गृहस्थांना आजही शर्टाचं बटण लावता येत नाही, त्यांच्या मानाने हे यश थोडंथोडकं नव्हे. याच वेगाने साठाव्या वर्षापर्यंत त्यांचा जन्मही व्हायचा राहील.

अडचण एवढीच, की ती खोली अजून होती आणि रिकामी नव्हती. तिच्यात थोरल्या बहीणबाई राहत होत्या. वय चौऱ्याऐंशी. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते.

पन्नाशीनिमित्त खोलीचं स्मारक करायचं ठरलं. समिती नेमली गेली (अध्यक्ष: थोरले चिरंजीव, सदस्य: धाकटे चिरंजीव, हरकत घेणारे: कोणी नाही). समितीने पाहणी करून अहवाल दिला, की इतिहासात ज्या जागी कोणीच नव्हतं त्या जागी सध्या एक बाई भात लावत आहेत. सबब हे इतिहासावरचं अतिक्रमण असून ते हटवणं आवश्यक आहे.

मग समिती संस्थापकांना घेऊन खोलीवर गेली.

"चपला बाहेर," मशीनवरून मान न उचलता अक्का म्हणाल्या. शेजारच्या मास्तरांची पँट उसवली होती. दोनशे कामगारांचे मालक मुकाट्याने उंबऱ्यावर बसून बुटाच्या नाड्या सोडू लागले.

"आत्या, तुमच्यासाठी फ्लॅट बघितलाय," थोरले चिरंजीव म्हणाले. "सहावा मजला. लिफ्ट आहे."

"वर जाऊन काय करू रे? माझी माणसं सगळी खाली."

संस्थापकांनी घसा साफ केला. "अक्का, तेव्हा ही खोली रिकामीच होती ना?"

"रिकामी कुठली? तू होतास की! त्या कोपऱ्यात, तोंडावर पांघरूण घेऊन, दुपारी बारापर्यंत. तुझ्याच डोक्याखाली द्यायला शिवली पहिली उशी. दुसरी विकून ये म्हटलं, तर म्हणालास, लाज वाटते."

समितीने हा तोंडी पुरावा आदरपूर्वक ऐकला आणि आदरपूर्वक वगळला. संस्थापक मात्र बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचा फोटो काढून ठेवला आहे. स्मरणिकेत तो 'खडतर दिवसांची आठवण' म्हणून छापला.

शेवटी अक्कांना तिथेच राहू दिलं. यात नात्यागोत्याचा वशिला चालला नाही, हे मुद्दाम नमूद करते. ते मशीन दुसऱ्या कोणाच्याच पायाने चालेना, आणि मशीन बंद असलं की जागेत जीव वाटत नाही, असं सजावटकाराचं मत पडलं. तेव्हा आता दहा ते पाच अक्का 'संस्थापकांचे मशीन' या पाटीखाली बसून संस्थापकांची पहिली उशी शिवतात. अट एकच: कोणी विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

अक्का लगेच कबूल झाल्या. "विचारतीलच की कोणीतरी," म्हणाल्या.

उद्घाटनाला अकरा महिने झाले. नऊ हजार चारशे लोक येऊन गेले. त्यांपैकी एकशे सतरा जणांनी अक्कांना स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं. त्यांनी सांगितलं.

तुम्ही असता तर विचारलं असतं म्हणता? जरूर या. सोमवार सोडून रोज उघडं असतं. फक्त आल्याआल्या पाटीसमोर फोटो काढाल, तेव्हा बाईंना जरा बाजूला व्हायला सांगा. त्या होतात. सवय आहे त्यांना.