थिएटरमध्ये राहिलेले केळुसकर

विषयांकित बाब अशी की, श्री. मुकुंदराव केळुसकर यांच्या आतड्यावरील मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे शरीर वॉर्डात आले आणि ते स्वतः ऑपरेशन थिएटरमध्येच राहिले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, याबद्दल दुमत नाही.

प्रकार प्रथम सिस्टर गावित यांच्या लक्षात आला. अशा रुग्णाच्या शारीरिक आणि भावनिक गरजा तपासणे हे त्यांचे काम. शारीरिक बाजू उत्तम होती. नाडी, रक्तदाब, टाके, नळीतून येणारे पाणी, सगळे नियमाला धरून. मग त्या खाटेशेजारी बसल्या.

"काका, भीती वाटते का?"

"कोणाला?" शरीराने विचारले.

"तुम्हाला. घरची आठवण येते?"

"कोणाच्या घरची?"

सिस्टरांनी चादर सारखी केली आणि बाहेर येऊन शैलाताई केळुसकरांना सांगितले, "काकू, मिस्टर अजून आतच आहेत."

शेजारी या नात्याने मी बाकावर बसलो होतो. असे होते का, असे मी विचारले.

"होतं ना. भूल उतरताना थिएटरच्या दारात हाक मारतात, केसपेपरवरच्या नावानं. त्या नावाला जेवढं ओ देतं, तेवढं ट्रॉलीवर येतं. उरलेल्याला घरच्या माणसानं बोलवावं लागतं. घरी काय म्हणतात ह्यांना?"

शैलाताई संकोचल्या. "घरात आम्ही दोघंच. मी आपली 'अहो' म्हणते."

"मग उद्या संध्याकाळच्या आत म्हणा. उद्या थिएटरला जंतू मारायची धुरी आहे. दारं चिकटपट्टीनं बंद करतात."

"धुरीनंतर बोलावलं तर?"

"धुरीनंतर आत काही उरत नाही, काकू. त्याचसाठी देतात ती."

दुसऱ्या दिवशी आम्ही थिएटरच्या दारात उभे राहिलो. पट्टी लावणारा इसम पट्टी घेऊन तयारच होता. आतले दिवे बंद होते. शैलाताई म्हणाल्या, नुसते अहो म्हणणे बरे दिसत नाही, निदान एकदा नाव घेते. नवऱ्याचे नाव त्या फक्त उखाण्यात घेत. त्यांनी पदर सावरला.

"स्टीलच्या ट्रेमध्ये कापसाचे बोळे, मुकुंदरावांनी उघडावेत डोळे."

"ओ," वॉर्डातून शरीराने उत्तर दिले. आतून काही नाही.

"अहो," शैलाताई हळूच म्हणाल्या.

"आलो," आत कोणीतरी म्हणाले.

"आलो, आलो," दिव्याच्या मागून दुसरे कोणी. मग भिंतीपाशी, "थांब गं, चप्पल सापडत नाही." मग टेबलाखालून, अगदी दमलेला, "किती वेळ लावलास?"

सिस्टर गावित यांनी कपाळावर हात मारला. "मागच्या धुरीनंतरच्या केसेस. ह्यांच्या घरी कोणी कळवलंच नसणार. काकू, आवाज ओळखा आणि एकच घ्या."

आवाज ओळखू येण्यासारखे नव्हते. भूल देताना घशात नळी घालतात; सगळ्यांचेच घसे बसलेले. पट्टीवाला म्हणाला, "ताई, उरका."

"अहो, चहा टाकलाय," त्या म्हणाल्या.

मग एक जण म्हणाला, "आलं घातलंस का?"

त्यांनी अंधारात हात पुढे केला. परत घेतला तेव्हा मूठ मिटलेली होती आणि मनगट गारठले होते. तसाच तो हात त्यांनी खाटेपर्यंत नेला आणि शरीराच्या हातात दिला. मुकुंदरावांच्या डोळ्यांतून पाणी आले. भीती वाटते म्हणाले, घरी जायचे म्हणाले. भावनिक गरजा नियमाला धरून असल्याचे सिस्टरांनी डॉक्टरांना कळवले.

पट्टी लावताना आतून दोन-तीनदा "अगं" असे ऐकू आले. शैलाताईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिले. बहुतेक नवरे तसेच म्हणतात, असे मी त्यांना समजावले. मुकुंदरावही त्यांना आयुष्यभर अगंच म्हणत आले.

घरी आल्यावर मुकुंदराव सुधारले. चहा आले घालूनच घेतात. पूर्वी घेत होते का, हे शैलाताईंना नक्की आठवत नाही. फक्त दिवेलागणीला ते विचारतात, "अगं, म्हशीला पाणी दाखवलंस का?" केळुसकर तिसऱ्या मजल्यावर राहतात. म्हैस कधीच नव्हती.

शैलाताईंच्या सांगण्यावरून मी रुग्णालयाकडे अर्ज लिहिला. घरी आलेली व्यक्ती तीच असल्याची खात्री करून द्यावी आणि नसल्यास थिएटर पुन्हा उघडावे, अशी विनंती केली. आवक क्रमांक मिळाला.

गेल्या रविवारी सोसायटीच्या फाटकाशी एक अनोळखी बाई आल्या. नऊवारी, हातात दुधाची रिकामी कासंडी. म्हैस कोणालाच धार काढू देत नाही, म्हणून विचारत विचारत आल्याचे त्यांनी वॉचमनला सांगितले. मग वर पाहून हाक मारली, "अहो!"

गॅलरीत चहा पीत बसलेले मुकुंदराव कप ठेवून उठले.

"अहो," शैलाताई आतून म्हणाल्या, "चहा निवतोय."

मुकुंदराव कठड्याला धरून उभे राहिले. ते अजून तिथेच उभे आहेत. बाई फाटकाशी बसून आहेत. शैलाताई चहा पुन्हा पुन्हा गरम करतात. चौकशी केली असता असे कळले की थिएटर धुरीनंतर रंगकामासाठी बंद असून अर्ज प्रलंबित आहे.